माटोळी बाबांनाच बांधू द्या

पत्र : आम्ही गोव्यातल्या डिचोली तालुक्यातले. बाबा ७३ वर्षांचे, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. आई जाऊन चार वर्षे झाली. गेल्या जूनमध्ये कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, पाय घसरून पडले, उजव्या मनगटाचे हाड मोडले, सहा आठवडे प्लास्टर होते. तेव्हापासून आम्ही त्यांचे कुळागरात जाणे थांबवले. स्कूटरची चावी काढून घेतली, एटीएम कार्ड मी माझ्याकडे ठेवले. चवथीची माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट, तीसुद्धा मीच बांधली, चाळीस वर्षांत पहिल्यांदा. आता ते दिवसभर सोप्यावर बसून असतात. टीव्ही मोठ्याने लावतात, हाक मारली तर ओ देत नाहीत, ओळखीच्या माणसांची नावे विसरतात. बीपीची गोळी चालू आहे. झोप लागत नाही म्हणून फार्मसीतून एक गोळी आणून देतो. काही विचारले की म्हणतात, ‘आता माझे काय, पिकले पान.’ बायको म्हणते, तुम्हीच त्यांना म्हातारे केले. त्यांनी आपले वय मान्य करावे म्हणून कसे समजवावे? की आमचेच काही चुकते आहे?

उत्तर : तुमच्या बायकोने अचूक पाहिले आहे. बाबांनी आपले वय गरजेपेक्षा जास्तच मान्य केले आहे, त्यांना आणखी समजवायला जाऊ नका. पत्रातले घसरणे, ऐकू न येणे, नावे विसरणे, झोप न लागणे, गप्प होणे यांची कारणे वेगवेगळी असू शकतात, आणि त्यांतल्या बऱ्याचशा गोष्टींवर उपाय आहेत. ‘वय झाले’ हे एकच उत्तर सगळ्याला लावल्यामुळे त्यांतले एकही कारण तुम्ही शोधलेले दिसत नाही.

याला वयभेद म्हणतात. जातीभेद, लिंगभेद तसाच हा. रॉबर्ट बटलर या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने १९६९ साली त्याला इंग्रजीत नाव दिले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या अहवालात म्हटले की जगातल्या दर दोन माणसांतल्या एकाच्या मनात वृद्धांविषयी असे पूर्वग्रह असतात. हा भेद तुच्छतेपोटी होतो तसा मायेपोटीही होतो. तुमच्या घरी दुसरा प्रकार आहे, आणि तो ओळखायला जास्त कठीण, कारण करणाऱ्याचा हेतू चांगला असतो आणि सोसणाऱ्याला तक्रार करायची लाज वाटते.

मायेने माणूस कसा दुबळा होतो, हे १९८२ च्या एका अमेरिकन प्रयोगात दिसले. वृद्धाश्रमातल्या लोकांना चित्राचे तुकडे जुळवायचे एक साधे कोडे दिले. काहींना शेजारी बसून हाताने मदत केली, काहींना फक्त तोंडाने धीर दिला. काही दिवसांनी पुन्हा तेच करायला सांगितले, तर मदत मिळालेल्यांची कामगिरी घसरली होती. कोडे अवघड आहे, आपल्याला जमणार नाही, असेही त्यांना वाटू लागले होते. धीर मिळालेले मात्र सुधारले. बाबांच्या शर्टाची बटणे मनगट दुखत होते तेव्हा कोणी लावून दिली असतील, ते योग्यच झाले. आजही कोणी लावून देत असेल तर ते आजपासून थांबवा.

आता पडण्याकडे वळू, कारण सगळे तिथून सुरू झाले. जूनमध्ये कुळागरात कोणीही घसरेल. चिऱ्यावर शेवाळ, पाटाच्या कडेला चिखल, वर पोफळीची ओली झावळे. पंचविशीतला पाडेली, म्हणजे झाडावर चढून नारळ-सुपारी पाडणारा, तोही तिथे जपून पाऊल टाकतो. तो घसरला तर आपण पावसाला दोष देतो, बाबा घसरले तर वयाला. पण दोन प्रश्न विचारायला हवे होते : ते का पडले, आणि हाड का मोडले?

उभ्या उंचीवरून साधे घसरून मनगट मोडले असेल तर हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी आणि ड जीवनसत्त्वाची रक्त तपासणी करून घ्या. हाडे ठिसूळ होणे हा बायकांचाच आजार अशी समजूत असल्यामुळे पुरुषांची ही तपासणी बहुधा राहूनच जाते. मग पुढचे हाड मोडू शकते ते खुब्याचे.

पडण्याचे कारण शोधायला घरचा बीपी मापक पुरतो. बाबांना पाच मिनिटे आडवे झोपवून रक्तदाब मोजा. मग उभे करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर उभे राहताना त्यांना अंधारी येत असू शकते. तीनही आकडे कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवा, बीपीच्या गोळीची मात्रा किंवा वेळ बदलावी लागू शकेल. गोळी स्वतःहून बंद करू नका.

फार्मसीतून आणता त्या झोपेच्या गोळीबद्दल मात्र कडकपणे सांगतो. अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांनी उतारवयात तोल जातो, दिवसा गुंगी राहते, आणि नवे काही लक्षात राहत नाही. म्हणजे ज्या दोन गोष्टी तुम्ही वयावर लोटता, त्या या एका पाकिटातून येत असू शकतात. पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जा. रोजची सवय झाली असेल तर एकदम तोडू नका, तडफड होते, क्वचित फिटही येते. मात्रा आठवड्या-आठवड्याने डॉक्टर उतरवतील.

मग राहतात पाय. दहा दिवस अंथरुणात पडून राहिल्याने निरोगी वृद्धांच्या दोन्ही पायांतले मिळून जवळजवळ एक किलो स्नायू गेल्याचे २००७ च्या एका अभ्यासात मोजले आहे. बाबांचे प्लास्टर हाताला होते, पण बसवून ठेवून तुम्ही ते पायांनाही घातले. आता उठताना त्यांना खुर्चीचा हात धरावा लागतो का? लागत असेल तर ते बसण्याचे फळ आहे, आणि परतवता येते. बोस्टनमध्ये १९९० साली नव्वदीच्या आसपासच्या दहा अशक्त वृद्धांना आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम दिला. ज्यांनी तो पुरा केला त्यांची पायांची ताकद सरासरी १७४ टक्के वाढली. नव्वदीत हे होते, तुमचे बाबा तर ७३ चे.

आधी मोजा. हात नसलेली, साधारण १७ इंच उंचीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर आडवे घेऊन ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठून बसता येते ते मोजा. सत्तर ते चौऱ्याहत्तर वयाच्या पुरुषाला १२ पेक्षा कमी जमले तर पाय कमजोर आहेत. दुसरी चाचणी : खुर्चीतून उठायचे, नेहमीच्या चालीने दहा फूट जाऊन वळायचे, परत येऊन बसायचे. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे. तुम्हीही दोन्ही चाचण्या त्यांच्यासमोर करा, म्हणजे त्यांना परीक्षा दिल्यासारखे वाटणार नाही.

व्यायाम म्हणून तीच खुर्ची वापरा. पाच वेळा उठा-बस, दोन मिनिटे विश्रांती, पुन्हा पाच. आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड. दर आठवड्याला एक-दोन उठा-बस वाढवा. स्वयंपाकघरातला ओटा धरून दहा वेळा टाचा उचलणे, आणि ओटा धरूनच एका पायापुढे दुसरा पाय सरळ रेषेत ठेवून दहा सेकंद उभे राहणे. मनगटासाठी फिजिओथेरपिस्टला एकदा दाखवून घ्या. छातीत दुखले किंवा चक्कर आली तर थांबून डॉक्टरांना कळवा.

इथे लोक दोन चुका करतात. पहिल्या आठवड्यात उत्साहाने तीस उठा-बस काढतात, गुडघे धरतात आणि ‘बघ, माझे वय नाही आता’ म्हणून कायमचे सोडतात. दुसरी चूक खाण्याची. सकाळी पेज आणि लोणचे, दुपारी भात आणि हुमणाचा, म्हणजे माशाच्या आमटीचा, पातळ रस, रात्री ‘हलके’ म्हणून पुन्हा पेज. यात स्नायू बांधायला काहीच नाही. वृद्ध माणसाला वजनाच्या दर किलोमागे एक ते सव्वा ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे साठ किलोच्या माणसाला दिवसाला साठ ते पंचाहत्तर ग्रॅम. शंभर ग्रॅम बांगड्यात वीसेक ग्रॅम मिळतात, एका अंड्यात सहा, शिजवलेल्या अळसांद्यांच्या (चवळीच्या) वाटीत दहाएक. हुमणातला मासा नातवाच्या ताटात आणि रस आजोबांच्या, ही वाटणी आपल्याकडे प्रेमाने होते. ती बदला. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र प्रथिने किती हे डॉक्टरांना विचारून ठरवा.

ऐकण्याचे आणि विसरण्याचे एकत्र बघू, कारण ते पुष्कळदा एकच असते. जे नीट ऐकूच आले नाही ते लक्षात कसे राहणार? वयाबरोबर आधी उंच पट्टीचे आवाज जातात. ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘ट’ ही व्यंजने निसटतात. म्हणून तुम्ही बोलताय हे कळते, काय बोलताय ते कळत नाही. ओरडून फायदा नाही, त्याने स्वर मोठे होतात, व्यंजने तशीच बुडतात. टीव्ही बंद करा, समोर बसा, तुमच्या चेहऱ्यावर उजेड असू द्या, आणि नेहमीच्या आवाजात थोडे सावकाश बोला. लहान मुलाशी बोलतात तसे लाडाचे सूर काढू नका, शिक्षक माणसाला ते फार लागते. कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडून आधी कानातला मळ काढून घ्या, मग श्रवण चाचणी करा. नवे श्रवणयंत्र पहिल्या दिवशी सबंध दिवस लावायला लावू नका, ताटल्यांचा आवाजही डोक्यात घुसतो. शांत खोलीत एक-दोन तासांनी सुरुवात, रोज थोडे वाढवत जायचे. हा टप्पा कोणी सांगत नाही, आणि यंत्र कपाटात जाते.

विसरण्यासाठी ब-१२, थायरॉइड आणि सोडियम या रक्त तपासण्या करून घ्या. नाव पटकन न आठवणे आणि थोड्या वेळाने आठवणे हे वयाने होते, त्याची चिंता नको. रोजची वाट चुकणे, तोच प्रश्न दहा मिनिटांत पुन्हा विचारणे, हिशेब अजिबात न जमणे, हे आजाराचे लक्षण असू शकते, त्यासाठी डॉक्टर हवा. आणि दोन-तीन दिवसांत अचानक बरळू लागले तर तो संसर्ग, औषध किंवा सोडियमचा घोळ असू शकतो, त्याच दिवशी इस्पितळात न्या. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण चूक आहे. वेग कमी होतो, एका वेळी दोन कामे जड जातात, पण शब्दसंपत्ती आणि अनुभवाने आलेला निर्णय सत्तरीपर्यंतही टिकून असतो.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा बाबांच्या ऐवजी तुम्ही बोलू नका. डॉक्टरांनी तुमच्याकडे बघून ‘यांना काय होते?’ विचारले तर म्हणा, ‘बाबाच सांगतील.’ आणि ‘वयाप्रमाणे असे होणारच’ हे उत्तर मिळाले तर शांतपणे विचारा, ‘डॉक्टर, याच वयाच्या सगळ्यांना होते का? नसेल तर बाबांना का होते?’ एक गुडघा दुखतो आणि दुसरा नाही, तर दोघांचे वय सारखेच आहे ना!

गप्प बसण्याबद्दल. गेल्या दोन आठवड्यांत त्यांना कशातच रस वाटेनासा झाला आहे का, आणि बहुतेक वेळ उदास वाटते का, हे दोन प्रश्न त्यांना एकांतात विचारा. उत्तर होकारार्थी असेल तर ते नैराश्य असू शकते. चार वर्षांपूर्वी बायको गेली, गेल्या वर्षी हात मोडला, मग कामेही गेली. यावर उपचार आहे, आणि वेळीच लक्ष दिले तर ते टाळताही येते, याचा पुरावा आपल्याच मातीतला आहे. गोव्याच्या आरोग्य केंद्रांत नैराश्याची सौम्य लक्षणे असलेल्या साठीपुढच्या १८१ जणांवर ‘दिल’ नावाचा एक अभ्यास झाला, २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. साध्या प्रशिक्षित समुपदेशकांनी लोकांना अडचणी एकेक करून सोडवायला, झोपेच्या सवयी सुधारायला आणि मधुमेहासारखे आजार सांभाळायला शिकवले. वर्षभरात नैराश्याचा झटका आलेल्यांचे प्रमाण त्या गटात सुमारे ४ टक्के, तर बाकीच्यांत १४ टक्के होते. आरोग्य केंद्रात विचारा, किंवा बांबोळीच्या मनोविकार संस्थेच्या ओपीडीत दाखवा.

‘पिकले पान’ हे त्यांचे बोलणे केवळ बोलणे समजू नका. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात पन्नाशीपुढच्या ६६० लोकांचा तेवीस वर्षांपर्यंत मागोवा घेतला गेला. ज्यांना आपल्या म्हातारपणाविषयी चांगले वाटत होते, ते इतरांपेक्षा सरासरी साडेसात वर्षे जास्त जगले. प्रकृती, पैसा, एकटेपणा हे सगळे हिशेबात धरूनही फरक राहिला. याचा अर्थ बाबांना ‘चांगला विचार करा’ म्हणून उपदेश करायचा असा मुळीच नाही. हा विचार त्यांच्या डोक्यात आपण सगळ्यांनी भरला आहे. ‘म्हातारचळ’, ‘एक पाय मसणात’ असे शब्द घरात कोणी वापरत असेल तर थांबवा. ‘या वयातही किती छान!’ हेसुद्धा थांबवा, त्यात ‘खरे तर तुम्हाला जमायला नको होते’ असे दडलेले असते. नुसते ‘छान’ पुरते. घरात नातू असेल तर त्याच्यासमोर जास्त जपा. चार वर्षांच्या मुलालाही आपल्या घरात म्हाताऱ्या माणसाला काय किंमत आहे ते कळायला लागते.

कार्ड आजच परत द्या. पेन्शन त्यांची आहे. फसवणुकीची भीती असेल तर बँकेत जाऊन रोजची मर्यादा कमी करून घ्या, तेही त्यांच्या संमतीने. १९३० हा सायबर तक्रारीचा क्रमांक त्यांच्या फोनमध्ये घाला. सत्तरीपुढच्यांना घरपोच बँक सेवा द्यावी अशी रिझर्व्ह बँकेची २०१७ पासून सूचना आहे, शाखेत विचारा.

स्कूटरचे उत्तर तपासणीवर सोडा. कायद्यात गाडी चालवण्याची वरची वयोमर्यादा नाही; पंचावन्ननंतर परवाना पाच-पाच वर्षांनी नूतन होतो आणि वैद्यकीय दाखला लागतो. मोतीबिंदू आणि काचबिंदूसाठी डोळे तपासा, मान दोन्ही खांद्यांकडे पुरती वळते का बघा, मोडलेल्या हाताने ब्रेक घट्ट दाबता येतो का बघा. तिन्ही ठीक असेल तर दिवसा, पाऊस नसताना, गावापुरती स्कूटर द्या. त्यांतली एखादी जरी ठीक नसेल तर कारण स्पष्ट सांगा : ‘ब्रेक दाबता येत नाही म्हणून.’ ‘वय झाले म्हणून’ नको. पहिल्या कारणावर माणूस इलाज करू शकतो.

कुळागराची बंदीही उठवा. घराकडून पाटापर्यंतच्या वाटेवरचे शेवाळ चुना टाकून घासून काढा, उताराला चिऱ्याच्या पायऱ्या आणि एका बाजूला बांबूचा कठडा करा. मागून पट्टा असलेल्या, तळ खरबरीत असलेल्या चपला घ्या. अंगठ्यात अडकवायच्या रबरी चपलांनी ओल्या चिऱ्यावर पाय सुटतो. पाऊस थांबून ऊन पडले की जायचे, खिशात फोन. शिडीवर चढणे आणि पाट उपसणे नको. कोणती पोफळ काढायची, पाडेलीला कधी बोलवायचे, सुपारी कोणाला द्यायची, हे निर्णय त्यांचे. आणि ते घेतल्यावर मागाहून फिरवू नका.

आता माटोळी. सुरुवात तिथूनच करा, कारण ते काम खरोखरच तुमच्यापेक्षा त्यांना जास्त येते. बाबांपुढे बसून आधी चूक कबूल करा : ‘गेल्या वर्षी तुम्हाला न विचारता मी माटोळी बांधली, ते बरोबर झाले नाही.’ बहुधा ते म्हणतील, ‘नको रे, तूच बघ.’ तिथे ‘बरे’ म्हणून उठू नका, आणि आग्रहाचे भाषणही करू नका. त्यांनाच ठाऊक असेल असा एक नेमका प्रश्न विचारा. कवंडळे कुठल्या बाजूच्या रानात मिळतात? घागऱ्यो किती दिवस आधी आणल्या तर टिकतात? सामान बांधायला केवणीची साल कधी काढून भिजत घालायची? पहिल्या दिवशी एका वाक्याचे उत्तर मिळेल. दोन दिवसांनी दुसरा प्रश्न विचारा.

नातवाला वही द्या. प्रत्येक फळाचे नाव, ते कुठे सापडते, कसे बांधतात, हे आजोबा सांगतील आणि तो लिहील, चित्र काढील. दोन पिढ्यांनी एकत्र काम केले, दोघांकडेही द्यायला काही असले आणि हेतू एकच असला, तर एकमेकांविषयीचे गैरसमज कमी होतात. नुसते शेजारी बसवून काही होत नाही. म्हणून ‘आजोबांना मोबाईल शिकव’ एवढेच काम नातवाला देऊ नका, त्यात आजोबा पुन्हा घेणाऱ्याच बाजूला राहतात.

माटोळीच्या चौकटीखाली एक भक्कम हाताची खुर्ची मांडा. चौकट सोडवता येत असेल तर ती दोन बाकांवर कमरेच्या उंचीला ठेवा, बाबांना बसून सगळे बांधू द्या, मग दोन धडधाकट माणसांनी ती वर चढवा. छताला पक्की असेल तर बाबा खाली बसून नारळांच्या जोड्या, सुपारीचे घोस, आंबाडे यांच्या गाठी मारतील आणि कुठला घोस कुठल्या कोपऱ्यात ते सांगतील, स्टुलावर तुम्ही चढा. मनगट आखडले असेल तर पहिल्या गाठी सैल येतील. त्या तुम्ही मागाहून घट्ट करू नका, त्यांनाच सांगा, ते पुन्हा मारतील. वेळ दुप्पट लागेल. म्हणून आदल्या संध्याकाळी नको, दोन दिवस आधी दुपारीच सुरू करा.

जे रानात मिळाले नाही त्यासाठी डिचोलीच्या माटोळी बाजारात त्यांना घेऊन जा, सकाळी लवकर, गर्दी व्हायच्या आत. पिशवी तुम्ही धरा आणि दोन पावले मागे राहा. विकणारी बाई भाव तुम्हाला सांगायला लागली तर बाबांकडे बोट करा.